रुसव्या गाडीची शर्यत

१० जानेवारी १९७८, मंगळवार

आज अण्णांनी शेवटचं सांगून टाकलं. पाडव्यापर्यंत वाट बघणार. त्यानंतर शोरूममधल्या गाड्या बाहेर आणि हळदीची पोती आत.

वखारभागातली ही जागा मुळात हळदीचीच. मी हट्टाने मागून घेतली, भिंती रंगवल्या, काचेचं दार लावलं आणि 'भरारी' मोटरसायकलची एजन्सी थाटली. तरी भिंतींचा वास काही जात नाही, आणि शेजारच्या वखारीतून उडालेली पिवळी धूळ रोज सीटवर बसते. आमचा मेकॅनिक गुंडा म्हणतो, "मालक, गाड्यास्नी रोज हळद लागती, पण लगीन काय ठरंना."

अण्णा म्हणाले, "श्रेणिक, हळद बरी. पोत्यात गप पडती. रुसत न्हाई."

हा टोमणा कशाबद्दल ते सगळ्या सांगली जिल्ह्याला माहीत आहे. आष्ट्याच्या लालासाहेबांनी गेल्या उन्हाळ्यात भरारी नेली आणि पुतण्याच्या वरातीत नवरदेवाला घोड्याऐवजी तिच्यावर बसवलं. पुढे वाजंत्री, मागे गाडी, तीही बैलाच्या चालीने. मारुतीच्या देवळापाशी नारळ फोडायला म्हणून बंद केली, ती पुन्हा चालू होईना. तापलेल्या इंजिनाचा चोक ओढून दहा जणांनी दहा किका मारल्या, मग कशाला चालू होते! नवरदेव बाशिंग सावरत चालत मांडवात गेला. तेव्हापासून आमच्या गाडीचं नाव 'रुसवी'. तापली की रुसते म्हणे. गिऱ्हाईक येतं, गाडीवरून हात फिरवतं आणि विचारतं, "हीच न्हवं का ती रुसवी?"

चोक थंड इंजिनालाच ओढायचा असतो; चूक ओढणाऱ्याची होती. पण नवरदेवाला चालत जावं लागलं तिथे चोकचं कोण ऐकून घेतो?

वडील गेले तेव्हा मी शाळेत होतो. चुलते असून अण्णांनीच मला वाढवलं, म्हणून त्यांच्यापुढे तोंड उघडत नाही. इथे लिहितो. मला ही एजन्सी सोडायची नाही. हळद साठवायच्या जमिनीखालच्या पेवात उतरून तिचा वास घेत म्हातारा व्हायचं नाही. अण्णांना गाड्यांमधलं काही कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

१७ जानेवारी, मंगळवार

पुण्याहून परत आलो. कंपनीने सगळ्या एजंटांना बोलावलं होतं. पुण्याचा एक क्लब फेब्रुवारीत मोटरसायकलची शर्यत भरवतोय. डांबरी रस्त्यावरची नाही. सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्यातून निघायचं, गाडीवाटांनी, ओढ्यांतून, माळांवरून माणदेश ओलांडायचा, आटपाडीला मुक्काम, दुसऱ्या दिवशी जतवरून सांगली. कंपनीने उतरावं की नाही, यावर सकाळपासून काथ्याकूट.

विक्रीचे साहेब म्हणाले, पहिला नंबर आला की पेपरात नाव येतं आणि गाडी आपोआप खपते. हिशोबाचे साहेब म्हणाले, नाही आला तर? माळावर मोडून पडलेली गाडीही लोक बघतातच. कारखान्यातले इंजिनीअर आगटे साहेब कोपऱ्यात बसले होते. ते म्हणाले, "मोडली तर मला हवीच आहे. कारखान्याच्या आवारात गाडी मोडत नाही हो. कुठे मोडते ते कळल्याशिवाय नीट कशी करणार?" विक्रीच्या साहेबांचं तोंड कडू झालं.

मला काय झालं कोण जाणे, मी उठून उभा राहिलो. म्हणालो, आमच्या भागात लोक गाडीला रुसवी म्हणतात. तिथल्याच मातीत ती पहिली आली तर नाव पुसलं जाईल, नाहीतर मी काही एजंट राहत नाही. टाळ्या पडल्या. मग साहेब म्हणाले, छान, चालवणारा तुम्हीच शोधा.

उगाच शहाणपणा केला. आ बैल मुझे मार!

२४ जानेवारी, मंगळवार

माणूस मिळाला. आकाराम निकम, साताऱ्याकडचा. फौजेत मोटरसायकलवरून डाक पोचवायचा, लडाखपासून राजस्थानपर्यंत फिरलेला. पेन्शन घेऊन आता ऊस करतो. गाडीला एक फेरा मारून म्हणाला, "गाडी चांगली हाय साब. फिकीर नको. तापल्यावर चोकला हात लावायचा न्हाई, एवढंच." मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

माझ्या बायकोने, त्रिशलाने त्याला जेवायला वाढलं. अण्णाही पंगतीला होते. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं, त्यामुळे आकारामला चार वाजता जेवायला बसलेलं बघून गंमत वाटली असेल. अण्णा भाकरी कुस्करत होते. मधेच म्हणाले, "एवढ्या उन्हाचं जायाचं, वाटंत पाणी कोण देतंय रं?"

"कोण द्याचं अण्णा? धूळ खायाची नि जायाचं."

"आणि जेवण?"

"खिशातलं शेंगदाणं-गूळ."

अण्णांचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "हे काय लक्षाण म्हणायचं? लोकांच्या गावातनं जायाचं नि पाणी न पिता जायाचं?" आणि उठून गेले. त्यांना शर्यतीचा राग आहे, दुसरं काय.

८ फेब्रुवारी, बुधवार

आगटे साहेब शर्यतीची गाडी घेऊन आले. दिव्याखाली नंबर सातचा पत्रा. गाडी बघायला गर्दी झाली. अर्धी गर्दी "रुसवी, रुसवी" करत हसत होती. झोप लागत नाही. जेवण जात नाही.

अण्णा वखारीतून आले आणि शर्यत कुठल्या कुठल्या गावातून जाणार ते विचारायला लागले. म्हसवड का? आटपाडी? पुढं जतच्या अलीकडचं शेगाव? जत? मी म्हटलं, तुमाला कशाला? म्हणाले, "त्या बाजूची किराणावाली आपली हळद नेत्यात. एकदा भेटून येतो." मी मरणाच्या काळजीत, आणि यांना हळद सुचतेय! दुपारच्या एस.टी.ने गेलेसुद्धा. सोबत पिवळ्या कापडाचं गाठोडं. त्रिशला दारातून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत होती आणि हसत होती. मी विचारलं, हसायला काय झालं? म्हणाली, "काय न्हाई. तुमी गाडीकडं बघा."

११ फेब्रुवारी, शनिवार

खंडाळ्याला झेंडा पडला असेल. इथे काही कळायला मार्ग नाही. अण्णा अजून फिरतीवर. देवळात जाऊन बसलो. भगवंतापुढे पहिला नंबर मागायची लाज वाटली, म्हणून आकाराम धड परत येऊ दे एवढंच मागितलं. पहिला नंबर मनात होताच.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज शर्यतीचा शेवट होता.

कृष्णेकाठच्या मैदानावर शेवटची रेघ आखली होती. दुपारी पहिली गाडी आली ती दुसऱ्या कंपनीची 'सम्राट'. चालवणारा धुळीने माखलेला, उतरल्या उतरल्या फोटो. साताऱ्याचा सम्राटवाला एजंट नाचायचा बाकी राहिला. मागून दुसरी, तिसरी. आमची नाही. निम्म्याहून जास्त गाड्या आल्या, आमची नाही. लालासाहेब आष्ट्याहून मुद्दाम आले होते. म्हणाले, "रुसली असंल हो कुठंतरी." मला मैदानात खड्डा पडला तर बरं असं झालं.

ऊन उतरायला लागल्यावर लांबून लोक हसतायत असं ऐकू आलं. सातनंबरी येत होती. आकारामच्या हेल्मेटवर फेटा बांधलेला, आणि तोही ढिला होऊन खांद्यावर आलेला. गळ्यात झेंडूच्या माळा, हँडलला माळा, दिव्याला हळद-कुंकू, मागच्या पिशवीत नारळ. शर्यतीची गाडी नाही, जत्रेहून परत आलेला बैल! विक्रीचे साहेब माझ्याकडे न बघता जीपमध्ये बसले आणि गेले.

आगटे साहेब तेवढे पुढे झाले. त्यांनी बॉक्स उघडून एअर फिल्टर काढला आणि माणदेशाची माती हातावर घेऊन असे बघत राहिले, जसा काही प्रसाद मिळाला.

१३ फेब्रुवारी, सोमवार

आकारामने सगळं सांगितलं. मी आधी ओरडलो, मग तो शांतपणे बोलला.

"मालक, म्हसवडात शिरलो तर वाटंवर कमान. पोत्याची. पुढं बायका आरत्या घिऊन हुब्या. सात नंबर बघितला नि वराडली, हीच मगदुमांची गाडी! थांबावं लागलं. म्हणल्या, गाडी बंद करा, चालत्या गाडीला ववाळत न्हाईत. बंद केली. ववाळलं, गूळ-पाणी दिलं, फडक्यातनं गाळून. नारळ दिला. गाव ववाळतंय म्हटल्यावर ढकलून कसं जायाचं? मग किक मारली, झाली चालू. सारं गाव बघतंय! पुढं आटपाडीला तेच. शेगावला तेच. जतला तर फेटा बांधला, भाषणं केली, निम्मी कानडीत."

"प्रत्येक ठिकाणी गाडी बंद केलीस?"

"तर वो. आनि परत्येक ठिकानी पयल्या किकंला चालू. जतात तर एक म्हातारा म्हनला, आता मी मारतो. मारली. झाली. मग रांग लागली किका माराया. त्यातच लय येळ गेला."

"बाकीच्यांना नाही थांबवलं?"

"न्हाई. सम्राटवाला तर धुरळ्यात गेला, कुनी बघितला बी न्हाई."

आता माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फक्त आमचीच गाडी अडवली जाते, याचा अर्थ काय? हा साताऱ्याच्या सम्राटवाल्याचा डाव! गावोगाव माणसं पाठवून सत्काराच्या नावाखाली आमचा वेळ खाल्ला. काय डोकं आहे!

क्लबला तक्रारीचा कागद लिहायला बसलो. पोत्याच्या कमानीचाही उल्लेख केला. आकाराम म्हणाला पोत्यांवर आमच्या वखारीचा 'पायगोंडा मगदूम, सांगली' हा शिक्का होता. हे मुद्दाम केलं असणार, आमचीच पोती वापरून आमचीच थट्टा. त्रिशलाने कागद वाचला आणि पदर तोंडाला लावून आत गेली. रडली बिचारी. बाहेर येऊन म्हणाली, "हा धाडू नका. आधी अण्णास्नी दाखवा."

अण्णा दुपारी गावाहून आले. पायजमा गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेला. त्यांनी कागद वाचला. कान लाल झाले. मला वाटलं आता सम्राटवाल्याला शिव्या देतील. पण त्यांनी कागदाचे तुकडे केले. विचारलं, "त्या पाणी पाजन्यानं नंबर गेला व्हय?"

"तर काय!"

पायाच्या अंगठ्याने जमीन उकरायला लागले. म्हणाले, "पान्यासाठी कुनावर तक्रार करू ने." आणि न जेवता वखारीत गेले.

म्हणजे संपलं. पाडव्याला शटर पडणार. आश्चर्य म्हणजे आज शांत झोप येईल असं वाटतंय. आकाराम धड परत आला. मागितलं तेवढं मिळालं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

गेले काही दिवस लिहायला सवड नाही, कारण शोरूममध्ये माणसं मावत नाहीत!

आधी शेगावचे दोन मेंढपाळ आले, पागोटी आणि काठ्यांसह. मी त्यांना शेजारच्या वखारीचं दार दाखवायला लागलो. म्हणाले, हळद नको, गाडी दाखवा, सात नंबरची. मग म्हसवडचा एक कापडवाला. मग जतचे किराणा दुकानदार हरिबा. मी हरिबांना सरळच विचारलं, पहिली तर सम्राट आली, ती का नाही घेत?

"पयली आलेली आमी कुठं बघितली? भुर्रकन धुरळा गेला. ही आमच्या दारात थांबली, आमी हात लावला, माझ्या म्हाताऱ्यानं किक मारली. तापलेली व्हती हो, चटका बसत व्हता. तरी चालू झाली. आता कोन म्हनंल रुसवी?"

नाव पुसलं गेलं होतं, आणि मला पत्ताच नव्हता. बंद पेवात सापडावं असा गेले कित्येक महिने जीव कोंडला होता, तो आज मोकळा झाला. दुकानाच्या मागे जाऊन मी एकटाच हसलो. गुंडाने बघितलं, बघू दे.

सम्राटवाल्याने आमचं वाईट करायला जाऊन भलं केलं. देवाचा न्याय असतो.

हरिबा निघताना वखारीत जाऊन अण्णांच्या पाया पडून आले. हळदीचे जुने गिऱ्हाईक.

१० मार्च, शुक्रवार

आगटे साहेबांची चिठ्ठी आली. फिल्टरच्या झाकणातून धूळ आत जात होती, आता रबराची कड बसवणार. पुढच्या खेपेपासून सगळ्या गाड्यांना. लिहितात, "तुमच्या माळाने मला शिकवलं." विक्रीच्या साहेबांनीही विचारलंय, पुढच्या वर्षी शर्यतीत उतरावं का, एजंट म्हणून आपलं मत कळवा.

काय कळवू? सम्राटचं पेपरात नाव आलं, साताऱ्यात त्यांनी मोठा फलक लावला, आणि विक्री होती तिथेच. आमचं नाव कुठे नाही, आणि गाड्या कमी पडतायत. शर्यतीचा फायदा होतो हे खरं, पण तो पहिला आल्याने होतो असं काही मला दिसत नाही. हळू जाण्याची शर्यत असती तर बरं झालं असतं. असं साहेबांना लिहिता येत नाही.

अण्णांच्या नडगीला बरंच खरचटलंय. विचारलं तर म्हणाले, बैलानं लाथ मारली. आमच्याकडे बैल कुठला हे विचारायचं राहून गेलं. गुंडासुद्धा हल्ली सकाळी उशिरा येतो आणि त्याच्या अंगाला नदीकाठची वाळू असते. त्याला दम दिला. मान खाली घालून म्हणाला, "थोरल्या मालकास्नी इचारा." थोरल्या मालकांचं नाव काय घेतोय? त्यांनी चढवून ठेवलाय.

८ एप्रिल, शनिवार, पाडवा

सगळं आजच लिहून काढतो, उद्या खरं वाटणार नाही.

सकाळी गुढी उभारली आणि शोरूमपुढे रांग. गाड्यांना हार, कुंकू, चाकाखाली लिंबू. हरिबा जतहून आले, मेंढपाळ आले. शेवटी लालासाहेब आले, ज्यांच्या वरातीने मला मातीत घातलं तेच. पुतण्यासाठी दुसरी भरारी हवी. म्हणाले, "पोरानं बाशिंग लावून चालल्यालं लय मनावर घेतलंय. आता बायकोला मागं बसवून आष्ट्यातनं फिरवायची म्हणतोय." मी त्यांना चोक दाखवला, दोनदा. त्यांनीही आज ऐकून घेतलं.

दुपारी गर्दी ओसरली. आत एकच गाडी उरली होती, सातनंबरी. कंपनीने ती मलाच ठेवायला दिली आहे. अण्णा वखारीतून आले. पाडव्याची मुदत आजच संपत होती. म्हटलं विचारून टाकू.

"अण्णा, जागेचं काय करायचं?"

"कसली जागा?"

"पोती आणायची म्हणाला होता."

"पोती हरिपूरला जातील. पेवं काय भरली न्हाईत." असं म्हणून त्यांनी टोपी खिशात घातली, पायजमा सावरला, सातनंबरीवर बसले आणि किक मारली. पहिल्या किकला चालू! मी बघतच राहिलो. गुंडा छताकडे बघत होता. बैल कुठला होता ते तेव्हा मला कळलं.

"बस मागं," अण्णा म्हणाले. "देवळात जाऊन येऊ."

लहानपणी सायकलच्या दांडीवर बसवून ते मला शाळेत न्यायचे. तसाच बसलो, फक्त आता मागे. त्यांच्या सदऱ्याला हळदीचा वास येत होता. तो नाकात भरला आणि एकेक गोष्ट जुळायला लागली. पिवळ्या कापडाचं गाठोडं. शिक्क्याची पोती. गाळून दिलेलं पाणी. "लोकांच्या गावातनं जायाचं नि पाणी न पिता जायाचं?" पाहुणा दारावरून जाताना त्याला शर्यत आहे म्हणून सोडायचं असतं, हे अण्णांना कोण सांगणार होतं? माझा माणूस उन्हातून जाणार, त्याला कुणी तरी पाणी द्यावं, एवढंच सांगत ते गावोगाव एस.टी.ने फिरले. पाण्याची आरती गावांनी केली असेल. आणि मी दोन महिने साताऱ्याच्या त्या बिचाऱ्या एजंटाला शिव्या घालत होतो.

मिरजेच्या बाजूचं रेल्वे फाटक लागलं होतं. थांबलो. अण्णांनी गाडी बंद केली. मी पुढे वाकून विचारलं,

"अण्णा, त्या गावांत तुमीच सांगितलं होतं न्हवं? आकारामला पाणी द्या म्हणून?"

"वाऱ्यात ऐकू येत न्हाई," अण्णा म्हणाले.

फाटक बंद होतं, गाडी बंद होती, आणि समोरच्या पिंपळाचं पानसुद्धा हलत नव्हतं. त्यांच्या पाठीला टेकून बसलो. मालगाडी गेली, फाटक उघडलं, आणि तापलेली गाडी पहिल्या किकला चालू झाली.